बावन्न

रंकाळ्याच्या बाजूची शाळा, जुलैचा पाऊस, नववीच्या मुलींची रांग. आमच्या आरोग्य तपासणी पथकाची पद्धत ठरलेली: काट्यावरचा आकडा मी वाचायचा, सिस्टरनी कार्डावर लिहायचा. वर्गात गलका असतो, म्हणून मोठ्यानं.

"एक्केचाळीस," मी म्हटलं. सिस्टर थबकल्या. कार्डावर मागच्या वर्षीचा आकडा होता ५२. उंची मात्र दोन सेंटिमीटर वाढलेली.

तिला पडद्याआड नेलं. पावसात सगळ्यांचेच हात गार, पण हिचे बर्फ. नाडी ५४. हातांवर बारीक मऊ लव. पाळी एप्रिलपासून नाही.

"जेवतेस का गं?"

"जेवतो की मॅडम." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, पोरांसारख्या. मधली सुट्टी होऊन गेली होती. डबा उघडायला लावला, तर चपात्या जशाच्या तशा.

आईला बोलावून घेतलं. ती आली तीच कौतुक करत. "लई देवभोळी झालीया. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर संकष्टी. साबुदाणासुद्धा नको म्हणती, निरंकार धरती." रविवारी मटण शिजलं की हिचा नेमका काहीतरी नेम निघायचा. पांढरा रस्सा तरी घे म्हणून आजी मागं लागायची. डाएट म्हटली असती तर आजीनं लाटणंच उचललं असतं. उपवासाला कोण अडवणार?

मला जास्त टोचलं ते वेगळंच. तक्त्यात ती अजूनही 'ठीक'च्या रकान्यात बसत होती. अकरा किलो गेले होते, पण ते मागचं कार्ड बघितल्याशिवाय दिसत नाही. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी लागतात. पाळीच्या आसपास कंबर-मांड्या भरतात, त्या भरायलाच हव्यात. अन्न तुटलं की शरीर परवडत नसलेला खर्च थांबवतं, त्यात पाळीही थांबते.

आईला बाहेर बसवलं. "कधीपासनं गं हे?" रील्स म्हणेल, एखादी हिरॉईन म्हणेल, असं धरून माझं भाषण तयार होतं.

"तुमी मागच्या वर्षी आलासा न्हवं, त्या दिवसापासनं."

मला कळेना.

"मोठ्यानं बावन्न म्हणालासा. खिडकीत पोरं हुती. दुसऱ्या दिवशी मला कॅट नाव पडलं."

पत्त्यांचा कॅट. बावन्न पानं.

बालरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. रक्त, ईसीजी, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला, असं सगळं घातलं. आईला म्हटलं, उपवास आजपासून बंद, देवाला माझं नाव सांगा. बावन्नचं मात्र तिला सांगायचं धाडस त्या दिवशी झालं नाही.

बाहेर रांग ताटकळली होती. पुढची मुलगी काट्यावर चढली. सिस्टरनी सवयीनं पेन उचललं, "हं मॅडम, किती?"

मी कार्ड ओढून घेतलं आणि आकडा स्वतःच लिहिला. मग खिडकी लावायला उठले. बाहेर दोन पोरं उभी होतीच.