सहा क्रेडिट, घरभाडं शून्य

अमेरिकेत माजी सैनिकांच्या शिक्षणाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, करदात्यांचे पैसे उधळताय. दुसरा म्हणतो, युद्धावर धाडताना हा हिशेब कुठे होता? पोस्ट-९/११ जीआय बिल, म्हणजे ९/११ च्या हल्ल्यानंतर सेवा केलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा सरकारी कायदा, आहे तसा भरघोस. ३६ महिने सक्रिय सेवा झाली की ३६ महिन्यांचं शिक्षण: सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाच्या दराने पूर्ण फी, पुस्तकांना वर्षाला १००० डॉलरपर्यंत, शिवाय घरभाडं.

पण खरी मेख या घरभाड्यात आहे, आणि त्यावर दोन्ही तट गप्प. तिथे प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात; पदवीच्या नेहमीच्या सेमिस्टरला १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. घरभाड्याच्या भत्त्यासाठी निम्म्याहून जास्त हवेत. सात घेतले तर ५८ टक्के, सरकार ते ६० धरतं, आणि भत्त्याचे ६० टक्के हातात पडतात. सहा घेतले तर बरोब्बर निम्मे, म्हणून दमडीही नाही! सगळे विषय ऑनलाइन घेतले तर देशाच्या सरासरी भत्त्याच्या निम्म्यापर्यंतच मिळतं; वर्गात बसायचा एक विषय घेतला की कॉलेजच्या गावाचा दर लागू. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत भत्ता बंद. घरमालक मात्र भाडं सोडत नाही.

विषय मध्येच सोडला तर त्यासाठी दिलेल्या पैशांच्या वसुलीचं पत्र येतं. शेवटपर्यंत बसून नापास झालात तर सहसा येत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे माघार घेणारा कर्जबाजारी! पहिल्यांदा सोडताना सहा क्रेडिटपर्यंत या वसुलीतून सूट मिळते, पण एकदाच. तीन क्रेडिटच्या विषयावर वापरली तरी संपली. म्हणून सोडण्याआधी कॉलेजातल्या सर्टिफाइंग ऑफिसरला, म्हणजे तुमचे विषय सरकारला कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारायचं, प्राध्यापकांना नव्हे.

आपल्याकडे पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, पण ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना: महिन्याला मुलाला २५००, मुलीला ३००० रुपये. स्वतः जवानाने शिकायचं म्हटलं तर हात आखडता. यावर आपलं ठरलेलं उत्तर असं, की आपला जवान पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन साताऱ्याला परततो. अमेरिकेत चार वर्षं करून सुटलेल्याला पेन्शन नाही, म्हणून शिक्षण. उत्तर बिनतोड होतं, २०२२ पर्यंत. आता चार वर्षांनी सुटणाऱ्या अग्निवीरालाही पेन्शन नाही. त्याला सेवानिधी म्हणून एकरकमी पैसे मिळतात, इग्नूच्या पदवीत प्रशिक्षणाचे क्रेडिटही धरतात. पण वर्गात बसून शिकायचं तर घरभाडं कोण देणार?