झाडावरचे मानकुराद आणि कोर्टाची तारीख

पेडण्यातले एक बागायतदार ऐन एप्रिलमध्ये वारले. तेरावं उरकतं न उरकतं तोच मुलांत बिनसलं आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, इन्व्हेंटरीसाठी (वारसांत इस्टेटीची वाटणी करण्याच्या कोर्टातल्या कामासाठी) वकील म्हणून माझ्याकडे आल्या. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणजे अर्धी इस्टेट मुळात काकींचीच. वाटणी होईपर्यंत सगळी सांभाळायची जबाबदारीही आधी हयात जोडीदारावरच येते. तरी पुण्याचा थोरला अडून बसला, ‘वाटणीआधी एका फळाला हात लावायचा नाही.’

मी बागेत गेले. मानकुराद आंब्याची साल पातळ, पिकल्यावर तो थांबत नाही. झाडाखाली फुटलेल्या आंब्यांवर माश्या घोंगावत होत्या. काजूखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा सडा, त्यातले कालचे आंबूस वास मारत होते. काजूच्या बिया मात्र वाळवून पोत्यात भरल्या की राहतात. म्हणून फळं विकायची परवानगी मागणाऱ्या अर्जात मी बिया घातल्याच नाहीत. नासणाऱ्या मालाच्या आडून टिकाऊ माल विकायला काढणं मला पटत नाही आणि कोर्टालाही ते खटकतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39, नियम 6 प्रमाणे लवकर नासणारी जंगम वस्तू विकायचा हुकूम कोर्ट देऊ शकतं. समोरच्या वकिलांची हरकत आली, झाडं स्थावर, मग त्यावरची फळं जंगम कशी? त्याच संहितेचं कलम 2(13) मी वाचून दाखवलं. जंगम मालमत्तेत उभं पीकही धरलेलं आहे. कोर्टाची मेची सुट्टी तोंडावर होती. तारीख पडली असती तर विकायला काही उरलंच नसतं. न्यायाधीशांनी त्याच दिवशी हुकूम दिला: काढणी सगळ्या वारसांसमोर, नोंद डझनावारी, विक्रीचं बिल हवं, पैसे बँकेत ठेव म्हणून.

काढणीला थोरला स्वतः हजर. झेल्यातून, म्हणजे आंबे काढायच्या जाळीतून उतरलेल्या प्रत्येक आंब्याला देठ आहे ना, हे काकी बघत होत्या. देठ तुटला तर चीक उतरून साल डागाळते. थोरला वही घेऊन जरा लांबच बसला होता. थोड्या वेळाने उठून आला, म्हणाला, ‘आई, डागाळलेले वेगळे मांडतो. त्यांचा भाव वेगळा लागेल.’ बापाच्या मृत्यूनंतर तो आईशी कामाचं बोलला तो तेव्हाच, असं काकींनी मला नंतर सांगितलं.

आंबे म्हापशाच्या बाजारात गेले, बोंडू जवळच्या दारूच्या भट्टीवर. हक्क कुणाचाच बुडाला नाही. फळांवर होता तो आता ठेवीवर आहे. वाटणी अजून व्हायची आहे. बियांची पोती खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली कुणाकडे राहावी, हे पुढच्या तारखेला ठरेल.