मकोला: घासाघीस कुठे करायची, कुठे नाही

घानाला निघण्याआधी ज्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला: राजधानी आक्राच्या मकोला बाजारात सांगतील त्या भावाच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करा. हा सल्ला विसरा. भाजी, मिरची, धान्य घेताना तो साफ चुकीचा आहे. टोमॅटो, मिरच्या, भेंडी इथे वाट्याने विकतात, आपल्याकडे कोळणी मासळीचे वाटे लावतात तसेच. धान्य आणि कडधान्य 'ओलोंका' नावाच्या पत्र्याच्या डब्याने मापतात. एका रांगेत वाट्याचा भाव बहुतेक सारखाच असतो, फरक पडतो तो वाटा किती भरला यात. तेव्हा पैसे कमी करायला सांगू नका, वर घालायला सांगा. हसून मागितलंत तर मूठभर जास्त पडतंच.

फसवणूक होते ती कापडात, आणि तिची सुरुवात रस्त्यावरच होते. रॉलिंग्स पार्कच्या बाजूने कापडाच्या गल्ल्यांकडे जाणारा पट्टा हा सगळ्या प्रवासातला सर्वात वाईट भाग. फुटपाथ दिसतच नाही, त्यावर दुकानं. उघड्या गटारावर फळ्या टाकलेल्या, त्यातल्या काही हलतात. समोरून हातगाड्या, मागून डोक्यावर मोठाली घमेली घेतलेल्या मुली. या 'कायायेई', बहुतेक उत्तर घानातून हमालीसाठी आलेल्या. मागून 'आगो!' ऐकू आलं की ताबडतोब बाजूला व्हा, मागे वळून बघत बसू नका. त्यांच्या डोक्यावर जड ओझं असतं, त्या थांबू शकत नाहीत.

याच गर्दीत एक तरुण आमच्या बरोबर चालू लागला. गोड बोलणारा, 'इंडिया, माय फ्रेंड' म्हणणारा. थेट एका दुकानात घेऊन गेला. तिथे सांगितलेल्या भावात त्याचं कमिशन धरलेलं होतं, कारण तीच नक्षी, काठावर कंपनीचं तेच नाव छापलेलं कापड पुढच्या गल्लीत जवळजवळ निम्म्या भावात मिळालं. मला याचा अजून राग आहे. बाजारात वाटाड्याची काहीही गरज नाही. 'नको' म्हणा, थांबू नका, आणि कोणी दुकानापर्यंत सोबत आलंच तर त्या दुकानात काही घेऊ नका.

कापड यार्डात मोजतात: १२ यार्डांचा पूर्ण पीस, ६ चा अर्धा. २ यार्डही देतात. यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर, मीटर समजून हिशेब केलात तर शिंप्याकडे कापड कमी पडेल. लांब कुर्त्याला ३ यार्ड घ्या. खरं वॅक्स प्रिंट, म्हणजे मेण वापरून छापलेलं सुती कापड, दोन्ही बाजूंनी सारखंच गडद असतं; मागची बाजू फिकी दिसली तर ती साधी छपाई, तिला वॅक्सचा भाव देऊ नका. काठावरच्या नावावर विसंबू नका, नावासकट नक्कल होते. भाव करायचा तो इथे, पण आधी तीन दुकानांत विचारून. मोजताना समोर उभं राहा.

एक गोष्ट मात्र मनात ठेवून भाव करा. १९२४ साली बांधलेला मूळ बाजार, मकोला नंबर १, ऑगस्ट १९७९ मध्ये लष्करी राजवटीने जमीनदोस्त केला. टंचाई आणि महागाईचं खापर या विकणाऱ्या बायांवर फोडलं गेलं. आजचं रॉलिंग्स पार्क त्याच जागेवर आहे. या बाजारात 'तुम्ही लुटता' असं विक्रेतीच्या तोंडावर म्हणणं मला असह्य वाटलं, आणि ते म्हणणारे पर्यटक मी पाहिले. भाव पटला नाही तर थँक यू म्हणून पुढे जा.

पैसे द्या, वस्तू घ्या, सगळं उजव्या हाताने. डाव्या हाताने दिलेलं उद्धटपणाचं मानतात. २०० सेडीची नोट सुटी करून मिळणं कठीण, १० आणि २० च्या नोटा घेऊन जा. फोटो आधी विचारून. शाकाहारी असाल तर 'वाचे' (waakye), म्हणजे चवळी-भात, पोट भरायला उत्तम, पण सोबतच्या 'शितो' नावाच्या काळ्या चटणीत सुकी मासळी असते, ती चटणी वगळायला सांगा.

केप कोस्ट आणि अबुरी या घानातल्या दुसऱ्या गावांतले दिवस सुरेख गेले, तिथे कोणालाच सल्ल्याची गरज पडणार नाही.

सकाळी आठच्या सुमारास जा, अकरापर्यंत बाहेर पडा. त्यानंतरचा दमटपणा अंगातलं त्राण काढतो. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. ॲपवरची गाडी बाजाराच्या आत बोलवू नका, ती तासभर हलत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत या. आणि पीतज्वराच्या लशीचं कार्ड परतीच्या विमानातही हातातल्या बॅगेत ठेवा. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.