पट्टा तुटणार नाही ना?

सांगलीत मी खांद्याला अडकवायच्या चामड्याच्या बॅगा हाताने करतो. बॅग करून घ्यायला येणारे जवळजवळ सगळे जण रंग, कप्पे आणि झाकण यांविषयी बोलून झाले, की जाता जाता एकच प्रश्न विचारतात : "पट्टा तुटणार नाही ना?" पुष्कळदा त्यांच्या हातात एखादी जुनी बॅग असते, तिचा पट्टा एका बाजूने लोंबत असतो आणि बाकी बॅग धडधाकट असते. उभ्याउभ्या या प्रश्नाला "नाही तुटणार" एवढेच उत्तर देता येते, पण ते अपुरे आहे, कारण माझ्या दृष्टीने खांद्यावरच्या बॅगेचे सगळे डिझाइन या एकाच प्रश्नातून निघते. तुम्ही विचारलेत, म्हणून ते नीट सांगतो.

मुळात पट्टा सहसा तुटत नाही. तुटतो तो पट्ट्याचा आणि बॅगेचा जोड. अशी जुनी बॅग उजेडात धरून पाहिली, तर बहुतेक वेळा दोरा शाबूत दिसतो. फाटलेले असते ते चामडे, आणि तेही शिवणीच्या भोकांवरून सरळ रेषेत, पोस्टाचे तिकीट फाटते तसे. शिवण ओढीला आडवी घातलेली असते आणि टाके दिसायला नाजूक यावेत म्हणून भोके अगदी जवळजवळ पाडलेली असतात, त्यामुळे दोन भोकांच्या मध्ये भार धरायला फारच थोडे चामडे उरते. त्यातून आत पुठ्ठा घालून जाडी नुसती दाखवलेली असली, तर त्या जोडाचे आयुष्य वापरणाऱ्याच्या हातात राहतच नाही.

भार किती असतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. लॅपटॉप दीड-दोन किलोचा, लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, जेवणाचा डबा, चार्जर, एखादी वही किंवा पुस्तक. पाच किलो सहज भरतात. उभ्या माणसाच्या खांद्यावर हा भार दोन जोडांत विभागला जातो, पण तासगावहून किंवा विट्याहून रोज एसटीने सांगलीला येणारा माणूस उभा राहत नसतो. तो धावत गाडी पकडतो, बॅग एका हाताने उचलून खांद्यावर टाकतो, गर्दीत ती पट्ट्याने ओढून घेतो. अचानक पडलेला भार निदान दुप्पट जाणवतो, हा यंत्रशास्त्रातला साधा नियम आहे, आणि अशा वेळी तो बऱ्याचदा एकाच जोडावर पडतो. म्हणून बॅगेचा विचार करताना मी समोरचा भाग आधी आखत नाही. आधी पट्टा कुठून कुठे जाणार हे ठरवतो, मग त्याभोवती बॅग बसवतो.

त्यासाठी पहिल्यांदा पुठ्ठ्याची बॅग करून तिला सुती निवारीचा पट्टा लावतो, आत माणसाचे रोजचे सामान ठेवतो आणि त्यालाच ती अडकवून चालायला सांगतो. पट्ट्याची लांबी उंचीवरून काढता येते असे वाटते, परंतु तेवढ्याच उंचीच्या दोन माणसांपैकी एक जण बॅग कमरेवर टेकवतो आणि दुसऱ्याला ती मांडीपर्यंत खाली हवी असते. तिरकी अडकवायची असेल, तर बहुतेकांना अठ्ठेचाळीस ते चोपन्न इंचांच्या दरम्यानचा पट्टा लागतो. रुंदी मी दीड इंच ठेवतो. एक इंचाचा पट्टा दिसायला सुबक असतो, पण पाच किलो घेऊन अर्धा तास चालल्यावर तो खांद्यात रुततो. दोन इंचांचा पट्टा मानेजवळ दुमडतो. पट्टा बॅगेला नेमका मधोमध न जोडता थोडा मागच्या अंगाला जोडला, तर बॅग अंगाला चिकटून राहते आणि पुढे कलंडत नाही. हे सगळे पुठ्ठ्यावर दिसते, आणि पुठ्ठा स्वस्त आहे.

यानंतर चामडे. या भागात राहणाऱ्याला चामड्यासाठी फार लांब पाहावे लागत नाही, निदान चांगले चामडे कशाला म्हणतात हे समजून घेण्यासाठी तरी नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. या चपलांचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावण्याची जुनी रीत आहे : चुन्यात टाकून केस काढलेल्या कातड्याची शिवून पिशवी करायची, ती टांगायची आणि तिच्यात सालीचे पाणी भरत राहायचे. या रीतीला आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कातडे याहून फार कमी वेळात कमावले जाते आणि ते मऊ, लवचीक व रंगाला एकसारखे होते. मी क्रोमला नावे ठेवत नाही. कपड्यासारख्या मऊ बॅगेला तेच हवे. परंतु ज्या पट्ट्याला वर्षानुवर्षे ओढ सोसायची आहे, त्याला सालीत कमावलेले, घट्ट तंतूंचे चामडेच मला योग्य वाटते. ते म्हशीचे असते. त्यात पट्ट्याला पुरेल इतकी जाडी आणि सलग लांबीही मिळते.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात, आणि बॅगेचे भवितव्य बरेचसे इथे ठरते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग सर्वांत घट्ट असतो, मानेचा भाग सुरकुतलेला असतो आणि पोटाकडचे चामडे सैल व ताणणारे असते. बॅगेचा पट्टा मी नेहमी कण्याला समांतर, पाठीच्या भागातून कापतो. कापण्याआधी तिथली कड दोन्ही हातांनी ओढून पाहिली, की ताण लगेच कळतो. पोटाचे चामडे हातात ताणले जाते, पाठीचे जात नाही. कातड्यातला सर्वांत उत्तम भाग असा पट्ट्यात जातो आणि बॅगेचा दर्शनी भाग उरलेल्यातून काढावा लागतो. त्यामुळे कधी कधी झाकणावर एखादा जुना ओरखडा किंवा गोचिडीच्या चाव्याची खूण राहते. गिऱ्हाइकाला ती खटकते, हे मला ठाऊक आहे. तरीही मी अदलाबदल करत नाही. झाकणाला भार नसतो.

आता जोड. शक्य असेल तेव्हा मी जोडच टाळतो, म्हणजे पट्टा बॅगेच्या वरच्या टोकाशी संपवत नाही. तो बाजूने खाली उतरवतो, तळाखालून नेतो आणि दुसऱ्या बाजूने वर आणतो. बॅगेच्या दोन्ही बाजू आणि तळ त्या पट्ट्याच्याच होतात. अशा बॅगेत सामान पट्ट्यावर बसलेले असते, शिवणीला लोंबकळत नसते, आणि शिवण ओढीच्या दिशेने उभी धावत असल्यामुळे भार एका ओळीवर न पडता बाजूच्या सगळ्या टाक्यांत वाटला जातो. अशा रचनेत बॅगेची समोरून मागेपर्यंतची रुंदी पट्ट्याइतकीच राहते, म्हणून डबा मावणारी बॅग हवी असेल तर हा मार्ग बंद होतो. मग बाजूपट्टी वेगळी काढावी लागते आणि पट्ट्याचे टोक बॅगेला धरून ठेवणारी चामड्याची जोडपट्टी लावावी लागते. ती मी निदान चार इंच खाली उतरवतो, तिची टोके गोल करतो, शिवण तिच्या दोन्ही कडांनी उभी नेतो आणि बॅगेच्या आतून त्या जागी चामड्याचा दुसरा तुकडा घालतो. त्या आतल्या तुकड्याची कड रापीने, म्हणजे चामडे तासायच्या सुरीने, पातळ करत शून्यावर आणावी लागते. तसे केले नाही, तर जिथे जाड चामडे संपते त्या रेषेवर बॅग रोज दुमडते आणि काही काळाने तिथेच चिरते. पितळी रिव्हेट मी लावतो, पण शिवणीच्या जोडीला. एकट्या रिव्हेटवर भार टाकला, तर सगळी ओढ एका भोकावर येते.

शिवणीबद्दल विचारणारे पुष्कळ असतात, म्हणून ती जवळून सांगतो. दोरा शिवणीच्या साधारण चौपट लांबीचा घ्यायचा, मधमाशांच्या मेणावरून ओढायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. काम गुडघ्यांमध्ये धरलेल्या लाकडी चिमट्यात अडकवायचे. खुणेवर आरी थोडी तिरकी धरून आरपार घालायची, डावीकडची सुई उजवीकडे काढायची, मग त्याच भोकातून उजवीकडची सुई डावीकडे न्यायची आणि दोन्ही दोरे एकदम, सारख्या जोराने खेचायचे. सुई आत घालताना तिने दुसऱ्या दोऱ्याला भोसकू नये, म्हणून आधीचा दोरा किंचित मागे ओढून धरावा लागतो. ही सवय हाताला लागायला सर्वांत जास्त वेळ जातो. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या मध्यात एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक तुटला की त्याची पकड शेजारच्या टाक्यांतूनही सैल होत जाते. हाताच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोरा दोनदा गेलेला असतो आणि एका बाजूचा झिजून तुटला, तरी दुसरा जागेवर राहतो. अस्तर आणि चेनचा कप्पा मी मशीनवरच शिवतो, तिथे ती अधिक बरी. जोडावर मात्र हाताचीच शिवण, आणि टाके चार-पाच मिलिमीटरच्या अंतराने. त्याहून बारीक टाके सुंदर दिसतात, पण त्यांच्यासाठी चामड्याला अधिक भोके पडतात.

बक्कल आणि कड्या पितळेच्याच घेतो. लोखंड आणि सालीतले टॅनिन (कातडे ज्याने कमावले जाते ते तुरट द्रव्य) पावसाळ्यात ओलाव्याने एकत्र आले, की चामड्यावर काळा डाग उठतो आणि तो सहजासहजी जात नाही. बक्कल खांद्यावर येऊ नये, छातीच्या खाली यावे, एवढी काळजी घेतली की बाकी त्यात सांगण्यासारखे काही नाही.

भिजण्याविषयी थोडे सांगायला हवे. २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या घरांतून आलेल्या बॅगा मी पाहिल्या. ज्या सावलीत, वाऱ्यावर, आत कागद कोंबून सावकाश वाळवल्या होत्या, त्या पुन्हा वापरात आल्या. ज्या चुलीजवळ किंवा भर उन्हात ठेवल्या होत्या, त्यांचे चामडे आकसून फळीसारखे कडक झाले, कारण ओल्या चामड्याला कोरड्यापेक्षा फार कमी उष्णता सोसते.

तेव्हा पट्टा तुटेल का, हे तुमचे तुम्हालाही पाहता येते. दर पावसाळ्यानंतर बॅग रिकामी करा, जोड उजेडात धरा आणि सर्वांत वरच्या दोन-तीन टाक्यांची भोके पाहा. ती मूळच्या आकाराची असतील, तर चिंता नाही. ती ओढीच्या दिशेने लांबट झाली असतील किंवा त्यांच्याभोवती बारीक चिरा दिसत असतील, तर दोरा शाबूत असला तरी बॅग घेऊन या. त्या वेळी नुसती जोडपट्टी बदलून भागते, कारण नव्या पट्टीची भोके बॅगेच्या जुन्या भोकांवर बसवता येतात. बॅगेचे अंग फाटल्यावर मात्र मागचा अख्खा तुकडा नव्याने कापावा लागतो.