अ‍ॅव्हरेज २३

काल पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला काकांची नवी गाडी एकदम गप्प झाली. मला वाटलं, बंद पडली. शेजारचे काका खुशीत हसले. "हायब्रिड आहे रे, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते! ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होते. सिग्नलला पेट्रोल जळतच नाही. २३ चं अ‍ॅव्हरेज देते, जुनी जेमतेम १२ द्यायची."

वर म्हणाले, "आता गाडी काढताना विचारच करावा लागत नाही बघ."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. हेच काका आधी वनाजहून मेट्रोनं डेक्कनला जायचे. आता पावशेर बाकरवडीलाही गाडी निघते. (मीही फुकटात एसीत बसून होतोच म्हणा.)

घरी आल्यावर हिशेब मांडला. महिन्याला ३०० किलोमीटर व्हायचे तेव्हा जुनी गाडी २५ लिटर पेट्रोल प्यायची. आता ६०० होतात, नवी २६ पिते. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. धूर होता तेवढाच, उलट चमचाभर जास्त. बॅटरी आणि अख्खी नवी गाडी बनवताना जे जळलं ते वेगळंच.

गाडीचा दोष नाही यात. सिग्नलला ती खरंच शहाण्यासारखी वागते. कर्वे रोडवर तर तिला शहाणपणा दाखवायला संधीच संधी!

काल उतरताना सहज विचारलं होतं, "काका, जुनी विकली का?"

"छे, भाच्याला दिली. रोज हिंजवडीला नेतो. आधी बिचारा कंपनीच्या बसनं जायचा."