‘३९० आहे’ असं सांगितलेलं इंजिन बघायला गेलो, त्याचा वृत्तांत

मित्र जुना फोर्ड एफ-सीरिज ट्रक उभा करतोय आणि त्याला ३९० घनइंचाचं इंजिन हवं आहे. एका जुन्या ट्रकांच्या आवारात तसं इंजिन असल्याचं कळलं. मालकांनी फोनवर ठासून सांगितलं, “३९०च आहे, एअर क्लीनरवर लिहिलंय.” एअर क्लीनरचं झाकण एका नटाने बसतं. ते कुणीही, कुठल्याही इंजिनावरून उचलून आणू शकतो. तेव्हा स्वतः जाऊन ब्लॉकवरचे, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या मुख्य धडावरचे, नंबर वाचायचे असं ठरलं.

आवार मोठं होतं. गवतात बुडालेल्या ट्रकांच्या रांगा, एका शेडखाली लाकडी पॅलेटवर ठेवलेली इंजिनं. आपल्याला हवं ते इंजिन कुठल्या कोपऱ्यात आहे हे आधी विचारून घ्या, नाहीतर अर्धा दिवस नुसता बघण्यात जातो. आमचा थोडा गेलाच, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

पिशवीत काय न्यायचं तेही सांगून टाकतो: पितळी तारांचा ब्रश, जुना टूथब्रश, लाकडी पट्टी, रॉकेल आणि फडकी, पांढरा खडू, छोटा आरसा, टॉर्च, पातळ कागद आणि मेणाचा रंगीत खडू, व्हर्नियर, फूटभर लांब सरळ लाकडी काठी, हातमोजे. ग्राइंडर नेऊ नका. खरवडायला लोखंडी छिन्नीही नको. ज्यासाठी एवढ्या लांब गेलात तेच आकडे तुमच्या हाताने जायचे.

आमचं इंजिन व्ही-आठ (व्हीच्या आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर), एका बाजूचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलेलं. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, काळ्या तेलकट थराखालून, ठळक उठावाचा आकडा वर आला: ३५२. मित्राचा चेहरा उतरला आणि मालकही गप्प झाले. पण फोर्डच्या या कुळात, म्हणजे १९५८ ते १९७६ या काळातल्या एफई इंजिनांत, ब्लॉकवर ३५२ ओतलेलं असणं काहीच सिद्ध करत नाही. हा आकडा ३५२ वर आहे तसाच ३६० वर, ३९० वर आणि काही ४२८ वरही सापडतो. कुळ तेच, क्षमता वाढली, पॅटर्नवरचा (ज्या नमुन्यावरून साचा करतात त्याच्यावरचा) आकडा मात्र तसाच राहिला. हे माहीत नसल्यामुळे चांगली ३९० इंजिनं ३५२ म्हणून विकली गेली असतील, आणि कुणाला तरी उलटाही फटका बसला असेल.

असं का होतं, हे कळायला ब्लॉक कसा बनतो ते डोळ्यासमोर आणावं लागतं. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतला जातो. पॅटर्नवर असलेलं अक्षर वाळूत उमटतं आणि तिथून बिडावर उठावाने येतं. त्या पॅटर्नमधून निघणाऱ्या प्रत्येक ब्लॉकवर तोच नंबर असतो. मग कच्चा ब्लॉक मशिनिंगला जातो. बोअर (सिलिंडरचा व्यास) किती करायचा, आत कुठला क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरणारा दांडा) बसवायचा हे सगळं नंतर ठरतं. म्हणून उठावाचा नंबर फक्त एवढंच सांगतो की हे बीड कुठल्या पॅटर्नमधून निघालं. इंजिन जुळल्यावर पंचने ठोकलेला नंबर मात्र खोलगट असतो. अंधारातही बोट फिरवून दोन्हींतला फरक कळतो, आणि पहिलं काम तेच करा.

तारखेचंही तसंच. रोज बदलावी लागते म्हणून ती पॅटर्नवर वेगळ्या पट्टीने लावत. जुन्या ब्लॉकवर पुष्कळदा त्या पट्टीच्या दोन स्क्रूंची डोकीसुद्धा बिडात उमटलेली दिसतात. चार-पाच अक्षरांच्या दोन टोकांना दोन गोल टिकल्या दिसल्या, तर तारीख सापडली असं समजा.

आम्हाला ब्लॉकच्या बाजूच्या भिंतीवर दोन ओळी मिळाल्या. एक ‘डी३टीई’ने सुरू होणारी, दुसरी नुसती ‘३बी१९’. शिवाय ‘डीआयएफ’, म्हणजे डिअरबॉर्न आयर्न फाउंड्री, ब्लॉक जिथे ओतला ती जागा. फोर्डच्या पार्ट नंबरातलं पहिलं अक्षर दशक सांगतं: बी म्हणजे १९५० चं, सी म्हणजे १९६० चं, डी म्हणजे १९७० चं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष, टी म्हणजे ट्रक, ई म्हणजे इंजिन विभाग. म्हणजे हे १९७३ च्या ट्रक मॉडेलसाठी इंजिन विभागाने काढलेलं डिझाइन. मात्र हे वर्ष डिझाइनचं आहे, ओतकामाचं नाही. एकच डिझाइन नंबर पुढे कित्येक वर्षं ओतला गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

ओतकामाची तारीख ‘३बी१९’ मध्ये आहे. फोर्डच्या या काळातल्या पद्धतीत आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. बी म्हणजे फेब्रुवारी. वर्ष १९६३ की १९७३? नुसत्या ३ वरून कळत नाही, पण वरचा डी शंका मिटवतो. १९ फेब्रुवारी १९७३.

इथे एक खोच आहे. फोर्डने महिन्यांच्या अक्षरांतून ‘आय’ वगळला, कारण तो १ सारखा दिसतो. म्हणून सप्टेंबर जे, ऑक्टोबर के, नोव्हेंबर एल आणि डिसेंबर एम. शेवरलेटने ‘आय’ ठेवला, त्यामुळे त्यांच्याकडे के म्हणजे नोव्हेंबर. शिवाय शेवरलेटचा क्रमही वेगळा: आधी महिना, मग दिवस, शेवटी वर्षाचा आकडा. एका कंपनीची चावी दुसरीच्या कुलपाला लावली की महिना चुकतो आणि कधी कधी वर्षही. ब्लॉक कुणाचा हे नक्की झाल्याशिवाय तारीख वाचूच नये, असं माझं मत.

अक्षरं वाचण्याबद्दल थोडं. घट्ट झालेलं तेल लाकडी पट्टीने काढा, रॉकेलने भिजवून थोडा वेळ सोडा, मग ब्रश. रंगाचे थर कोरडे घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ नाकात जाते. रंग उतरवायचं द्रावण वापरा. क्लचच्या आणि जुन्या गॅस्केटच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतो, तीही कोरडी झाडायची नाही. स्वच्छ झाल्यावर खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा: उठाव पांढरे होतात, खोलगट भाग काळा राहतो. टॉर्च समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. तो जवळपास भिंतीला टेकवून बाजूने मारा. तरीही ३ आणि ८, ० आणि ६, १ आणि ७ फसवतात. अशा वेळी पातळ कागद लावून मेणाच्या खडूने ठसा घ्या. घरी आल्यावर फोटोपेक्षा तो ठसा जास्त कामाला येतो. न कळलेला आकडा अंदाजाने भरू नका, तिथे रिकामी जागा सोडून लिहा. नंबर फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) तोंड करून असेल तर आरसा लागतो, आणि आरशातलं उलटं वाचताना वहीत आधी दिसतं तसंच उतरवून घ्यावं.

आता मूळ प्रश्न. ३६० आणि ३९० या दोन्हींचा बोअर एकच, ४.०५ इंच. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली जातो त्या अंतरात: ३६० चा ३.५० इंच, ३९० चा ३.७८. म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. ब्लॉकवरचं कुठलंही ओतलेलं अक्षर हा फरक सांगू शकत नाही, कारण तो ब्लॉकमध्ये नाहीच, क्रँकमध्ये आहे. कॉइलच्या ब्रॅकेटपाशी कंपनी एक छोटी धातूची पट्टी लावायची, तिच्यावर घनइंच असत. आमच्याकडे बोल्ट होता, पट्टी गायब. बहुतेक इंजिनांची हीच कथा. हेडवर ‘डी२टीई’ होतं, पण ती हेड ३६० आणि ३९० दोन्ही ट्रक इंजिनांवर येत, त्यामुळे तिथेही उत्तर नाही.

हेड उतरलेलं असल्यामुळे आमचं काम सोपं झालं. उरलेल्या बाजूचे प्लग काढले, क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने हळू फिरवलं, पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना ब्लॉकच्या वरच्या पृष्ठापासून खोली मोजली. दोन मापांतला फरक ८९ मिलिमीटरच्या आसपास. ३.५० इंच म्हणजे ८८.९. इंजिन ३६०.

हेड बसलेलं असेल तर प्लगच्या भोकातून काठी घालून मोजण्याची युक्ती सगळे सांगतात. या इंजिनात प्लग तिरका असल्यामुळे काठी तिरकी बसते आणि पिस्टनवर सरकते. ७ मिलिमीटरचा फरक त्यात हरवू शकतो. खालचा तेलाचा चेंबर उतरवून बघणं त्रासाचं, पण खात्रीचं. आणि इंजिन जाम असेल तर जोर करू नका. माप नको आणि मोडलेली रिंगही नको.

बोअर मोजताना सिलिंडरच्या खालच्या टोकाला मोजा, तिथे झीज कमी असते. पिस्टनच्या डोक्यावर ०३० किंवा ०६० असं ठोकलेलं दिसलं, तर ब्लॉक आधीच तेवढे हजारांश इंच वाढवून झालेला आहे. किंमत ठरवताना हे ओतलेल्या कुठल्याही नंबरापेक्षा महत्त्वाचं.

मालकांनी हे सगळं बाजूला उभं राहून पाहिलं. रागावले नाहीत. उलट म्हणाले, “मग आता तो शेवरलेटचा सहा सिलिंडरवाला पण बघून द्या. मी २६१ म्हणतो, लोक २३५ म्हणतात.”

तो बघण्यात खरी मजा आली, कारण तिथे गणित नेमकं उलटं. २३५ आणि २६१ चा स्ट्रोक एकच, ३ १५/१६ इंच, आणि फरक सगळा बोअरमध्ये: २३५ चा ३ ९/१६, २६१ चा ३ ३/४. स्ट्रोक मोजून काहीच हाती लागत नाही. ब्लॉक रिकामा होता. तारखेची पट्टी स्वच्छ: ‘ई १८ ६’, शेवरलेटच्या क्रमाने १८ मे, वर्ष ६ ने संपणारं. २६१ ट्रकांत १९५४ ते १९६२ मध्ये आलं, तेव्हा ते असेल तर १९५६. कास्टिंग नंबरातला (उठावाने ओतलेल्या नंबरातला) एक आकडा गंजाने खाल्लेला, म्हणून त्याच्यावर विसंबलो नाही. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठावर जोडीजोडीने चिकटलेल्या सिलिंडरांच्या मध्ये वाफ निघायची बारीक छिद्रं होती, ती २६१ ची खूण. बोअर ९५ मिलिमीटरच्या किंचित वर आला. २३५ चा मूळ बोअर साडेनव्वद, तो घासून घासूनही कुणी इथवर सहसा आणत नाही. मालक बरोबर होते. त्यांना आम्ही सांगितलं ते एवढंच, की यावर २३५ चं हेड बसवणार असाल तर त्यातही ती छिद्रं पाडून घ्या. आणि हे इंजिन ट्रकमधूनच निघालं असं मात्र छातीठोक सांगू नका, कॅनडात पाँटिअॅक मोटारींतही २६१ बसायचं.

पलीकडे एक शेवरलेट व्ही-आठ पडला होता, मागच्या बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडतात त्या भागाच्या) कडेवर ३९७००१०. हा बहुतेकदा ३५० घनइंचाचा ब्लॉक. मोटारी आणि ट्रक दोन्हींत इतका गेला की नंबर मिळाला म्हणून खूश होण्यासारखं काही नाही. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅपला दोन बोल्ट की चार, हे याच नंबरात दोन्ही मिळतं, आणि ते चेंबर काढूनच बघावं लागतं.

कागदपत्रांबद्दल एक सूचना. इंजिन नंबर म्हणून कुठेही कास्टिंग नंबर लिहून देऊ नका. तोच नंबर हजारो ब्लॉकवर आहे. कागदावर लागतो तो ठोकलेला. आणि तो ज्या सपाट जागेवर ठोकलेला असतो, तिथल्या मशिनिंगच्या बारीक रेघा नीट बघा. आजूबाजूला रेघा आहेत आणि आकड्यांच्या खाली गुळगुळीत, तर कुणीतरी घासून नवा नंबर ठोकलेला असू शकतो. कधी ब्लॉकचं पृष्ठ प्रामाणिकपणे घासून घेतलेलं असतं आणि त्यात नंबर गेलेला असतो. विचारा, जुनं बिल मागा.

मित्राने शेवटी तो ब्लॉक ३६० म्हणून, ३६० च्या भावात घेतला. बोअर तोच असल्यामुळे ३९० चा क्रँक आणि त्याचेच कनेक्टिंग रॉड मिळाले, पिस्टनची उंची तपासून घेतली, की हाच ब्लॉक ३९० होतो. मशीन शॉपला देण्याआधी त्याने सगळी मापं आणि तारीख एका पत्र्याच्या तुकड्यावर पंचने ठोकून तो तारेने ब्लॉकला बांधला. मार्करने लिहिलेलं पहिल्या गरम धुलाईतच निघून जातं.