लोसर ते ग्रम्फू: पिकअप, पाणी आणि ॲक्सेसरीजवरचा खर्च

डिझेल पिकअप घेतली म्हटल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो, पुढे मोठा बंपर कधी लावणार? नाही लावणार. एकतर 2017 च्या डिसेंबरमध्येच केंद्राने असल्या बंपरवर, म्हणजे बुलबारवर, कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, दुसरं म्हणजे एअरबॅगच्या सेन्सरचं गणित त्याने बिघडू शकतं, आणि पुढच्या चाकांवर फुकटचं वजन वाढतं ते वेगळंच. माझी इसुझूची व्ही-क्रॉस आहे, 1.9 लिटरवाली, 163 पीएस. पुण्याच्या सोसायटीत सव्वापाच मीटरच्या वर लांबीची गाडी लावणं म्हणजे रोजची कसरत, पण हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात तिची किंमत कळते. आणि हिच्यावर खर्च केलेल्या एकेक गोष्टीचा हिशोब लागला तो कुंझुम खिंडीच्या पलीकडे.

लोसरला मुक्काम केला होता. काझाच्या पंपावर टाकी फुल्ल करून घेतलेली, कारण मनालीच्या बाजूने बाहेर पडेपर्यंत मध्ये पंप नाही. पहाटे अंधारातच निघालो, त्याला कारण नाले. रात्री वर बर्फ वितळायचं थांबतं म्हणून सकाळी पाणी कमी असतं, ऊन चढलं की तेच नाले दुपारपर्यंत दुप्पट फुगतात. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे टर्बो डिझेलला दम लागतो पण घाट निमूटपणे चढते.

बातलला चहा घेतला आणि तिथेच चारही टायरची हवा 35 पीएसआयवरून 24 वर आणली. बायको म्हणाली, "अहो, एवढी कमी?" हो एवढीच, कारण बातल ते छत्रू हा रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटेच आहेत, टायर मऊ असला की दगडावर बसतो, टणक असला की दगडावरून उडतो आणि साइडवॉल फाटायची भीती राहते. पिकअपला मागे स्प्रिंगचे पाटे असतात, हौदा रिकामा असला की मागची बाजू नुसती नाचते, म्हणून सगळं जड सामान हौद्यात, एक्सलच्या वर, पट्ट्यांनी आवळून ठेवलेलं. हवा आणि वजन ही दोन कामं नीट झाली की गाडी एकदम वेगळी चालते राव, सस्पेन्शन किट घ्यायच्या आधी प्रत्येकाने हे करून बघावं.

पुढे एका नाल्यात एक अल्टो अडकली होती, हिमाचलमध्ये अल्टो कुठेकुठे जाते ते बघून थक्क व्हायला होतं. पाणी तिच्या दरवाज्याला लागलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "भाईजी, थोड़ा खींच दो." मी आधी बूट काढून काठी घेऊन चालत तळ बघितला, मग फोर लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, टाकून हळू पलीकडे गेलो, मध्ये क्लचला पाय लावला नाही. टोचन करायला कायनेटिक रोप काढला नाही, साधा पट्टा आणि शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), कारण झटका देणारी दोरी एवढ्या हलक्या गाडीला लावली तर हूकच उखडून येईल. फोर लोमध्ये नुसतं रेंगाळत ओढली, आली बाहेर.

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी, लोकांना दिखाव्याचा वाटतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतात हे खरंय, पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो आणि इंजिन गेलं. शिवाय धुळीच्या रस्त्यावर वरची हवा जरा स्वच्छ मिळते, फिल्टर जास्त टिकतो. पण त्याहून स्वस्त आणि कुणालाच न दिसणारी गोष्ट म्हणजे डिफरन्शियलच्या (एक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या छिद्राची, नळी वर घेणं. दगडांवर तापलेला एक्सल बर्फाच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत खेचलं जातं. साधी रबरी नळी, हौद्याच्या उंचीपर्यंत नेलेली. शंभरातल्या नव्वद जणांनी ही केलेली नसते आणि लाइटबारवर मात्र हजारो रुपये घातलेले असतात, हे मला मनापासून खटकतं.

आणि हो, गाडीत हौशी बदल करायच्या आधी कायदा बघा, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल चालणार नाही.

ग्रम्फूला डांबर लागलं, कंप्रेसर बॅटरीला जोडून हवा परत 35 केली, मऊ टायरने डांबरावर पळवलं तर टायर तापतो. मग अटल टनेलमधून मनाली. तिथे एका मेकॅनिककडे मागच्या डिफरन्शियलचं तेल बघून घेतलं, पाणी गेलं असतं तर दुधाळ दिसलं असतं, ते स्वच्छ होतं. आता पुढच्या वेळी हौद्यात ड्रॉवर करून घ्यायचे आहेत, शॅकल शोधायला सगळं सामान उपसावं लागलं ते काही बरं नाही.